विश्रामच्या घरी पार्सल चालत नाही

संगणकापुढे उदबत्ती लावणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालणारीही पाहिली असतील. पण संगणकाला गाऱ्हाणं घालणारा माणूस अख्ख्या गोव्यात एकच, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. माझं नशीब, दुसरं काय!

रविवारी सकाळी मी चहाचा कोप तोंडाला लावतो न लावतो तोच कुंपणापलीकडून हाक येते, "शांबा, ये रे! शिजत घालतंय!"

न जाऊन सांगतो कोणाला? गाऱ्हाणं एकट्याने घालता येत नाही. एकाने देवापुढे उभं राहून मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. बाकीचे म्हणजे मी. विश्राम खुर्चीत ताठ बसतो, हात जोडतो, आणि खड्या आवाजात सुरू होतो.

"बा बारा-पाचाच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो पीडीएफ वाचूचो प्रोग्राम शिजत घालतंय, त्याका खंय आडखळ येव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग तो कळ दाबतो आणि पडद्यावर इंग्रजी ओळी सरसर वर जायला लागतात. मशीन आपलं आपल्यालाच विचारत असतं, अमुक आहे का, तमुक आहे का, आणि पुढे उत्तरही आपणच देतं. विश्राम प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतो. जिथे 'येस' येईल तिथे मी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. 'नो' आलं की आम्ही दोघेही गप्प. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुलभावहिनी विचारतात, "काय ओ, आज खंयचो देव रागावलो?"

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. विश्रामच्या मशिनवर लिनक्स आहे. त्यावर नवा प्रोग्राम घालायचा तर दोन वाटा. एक सरळ वाट. कोणीतरी आधीच तयार करून बांधून ठेवलेलं पॅकेज उतरवून घ्यायचं. एक आज्ञा दिली की मिनिटभरात काम फत्ते. दुसरी वाट विश्रामची. प्रोग्राम लिहिणाऱ्याने लिहिलेला मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, आणायचा, त्याला लागणारं सामानसुमान आपल्या मशिनवर आहे की नाही ते तपासायचं, याला म्हणतात 'कॉन्फिगर', आणि मग तो आपल्या हाताने कंपाइल करायचा. त्याला कधी तासभर लागतो, कधी सबंध दिवस. विश्राम त्याला 'शिजवणं' म्हणतो, आणि तयार पॅकेजाला 'पार्सल'. विश्रामच्या घरी पार्सल चालत नाही.

"आत काय घातल्यानी, कोणाक खबर?" हे त्याचं ब्रह्मवाक्य. कुठल्याही तयार वस्तूला तो हे लावतो. मसाल्याच्या पुडीला लावतो, शिवून आलेल्या शर्टाला लावतो, एकदा मंत्र्याच्या भाषणालाही लावलं होतं. मी म्हटलं, "मग सकाळी पोदेराकडून पावाचे उंडे कसे घेतोस? ते कुठे तू भाजलेस?" तर म्हणतो कसा, "पोदेराच्या भट्टीवर जावन आधी दोन दीस बसलंय. पीठ बघलंय, हात बघलंय, मगेच चालू केलंय." आणि खरंच बसला होता हो! पोदेर बिचारा समजला, पंचायतीचा माणूस आलाय. त्याने विश्रामला दोन दिवस चहा पाजला.

वहिनींना विचारा तर त्या कपाळावर हात मारून घेतात. "माका बघूक इल्ले तेव्हा शाम-भावजी, प्रश्नार प्रश्न! शिवाण येता? पेटी येता? दम्याचो त्रास कोणाक आसा? आता समाजता, कॉन्फिगर चालू होतां."

एकदा मी हौसेने माझ्या दुकानातला लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. साखळीच्या बसस्टँडजवळ माझं वह्या-पेनांचं बारकंसं दुकान आहे. म्हटलं, एक साधा प्रोग्राम घालून दे, फोटो लहान करायचा. आ बैल मला मार, म्हणतात तसं झालं. त्या प्रोग्रामला एक लायब्ररी हवी होती. ती लायब्ररी शिजवायला दुसरी हवी होती. दुसरीला जे अवजार हवं होतं ते माझ्या मशिनवर जुनं निघालं. म्हणजे पाहुण्याला पाणी द्यायचं तर तांब्या हवा, तांब्या कपाटात, कपाटाची किल्ली शेजारणीकडे आणि शेजारीण माहेरी फोंड्याला गेलेली. मी रोज संध्याकाळी विचारायचो, "झालं का रे?" आणि तो न बघता सांगायचा, "शिजता." शेवटी त्याने काहीतरी इतकं मुळातलं शिजवून जागेवर बसवलं की मशीन साधी फाइलींची नावंसुद्धा सांगेना. प्रत्येक आज्ञेला एकच उत्तर, जमणार नाही. दुसरा कोणी घाबरला असता. विश्राम शांतपणे म्हणाला, "शांबा, तू व्हय म्हाराजा हळू म्हटलंस."

भीक नको पण कुत्रं आवर! मी लॅपटॉप बगलेत मारला आणि घरी आलो.

पण माणूस म्हणून विश्रामला नावं ठेवायला जागा नाही. आम्ही दोघे डिचोलीच्या एका खाणीच्या ऑफिसात होतो, मी टाइम-ऑफिसात आणि तो संगणक विभागात. त्या विभागात दोनच माणसं, विश्राम आणि हळर्णचा रघू. रघू पक्का पार्सलवाला. त्याचं म्हणणं, "प्रोग्राम काम करता मरे? मगे तो कोणी शिजयलो त्याच्याशी माका काय करूचां?" दोघांचं दिवसभर यावरून वाजायचं आणि दुपारी दोघे एकाच डब्यात जेवायचे. रघूच्या घरच्या तांदळाची भाकरी विश्रामला, विश्रामकडची सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, रघूला. एक सुट्टीवर असला की दुसरा जेवायचाच नाही, माझ्याकडे येऊन नुसता तक्रार करत बसायचा.

आणि असली मैत्री एका प्रिंटरवरून मोडली.

काट्यावर खनिजाचे ट्रक वजन करून त्यांना पावती द्यायची, ती संगणकावरून निघायची. विश्रामला प्रिंटरचं तयार पॅकेज पसंत नव्हतं. एके दिवशी भर कामाच्या वेळी त्याने नवं काहीतरी शिजत घातलं आणि जाहीर केलं, "अर्ध्या तासान होतलां." अर्धा तास गेला, दुसरा गेला. बाहेर ट्रकांची रांग लागली. ड्रायव्हर भोंगे वाजवायला लागले, एक तर खिडकीशी येऊन रघूच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला. रघू उठला आणि त्याने सरळ प्लग उपटला.

मशीन बंद पडलं. विश्राम पांढराफटक. "चालू कामातलो प्लग काडलंस? तू माणूस न्हय, तू पार्सल!" आणि रघू, तोंडाचा फटकळ, बोलून गेला, "तुझ्या ह्या शिजवणुकीन एक दीस कंपनी बंद पडतली!"

पुढे खाणी बंद पडल्या. एकट्या आमची नव्हे, सगळ्यांचीच. त्यात विश्रामच्या प्रिंटरचा काडीचा संबंध नव्हता हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण बोललेला शब्द राहिला. विश्रामला वाटे, रघूने शाप दिला. रघूला वाटे, आपण बोलायला नको होतं, पण आता जाऊन सांगायचं कसं? सुंभ जळला तरी पीळ जळेना. विश्राम साखळीच्या एका हायस्कुलात संगणकाच्या लॅबमध्ये लागला. रघूने ऑफिसातली जुनी मशिनं भंगारात जात होती ती उचलली आणि पेडण्याच्या बाजारात दुकान थाटलं, लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायचं, प्रिंट काढायचं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. वर्षं गेली.

माझी बहीण पेडण्याला दिलेली, त्यामुळे माझं जाणं-येणं असतं. अशाच एका खेपेला रघूच्या दुकानात डोकावलो तर गिऱ्हाईक एक नाही आणि रघू गालाला हात लावून बसलेला. म्हटलं, "काय झालं?"

म्हणाला, "शांबा, मशिनां म्हातारी झाली. असल्या जुन्या मशिनांची पॅकेजां आता कोण बांधी नाय. ब्राउझर जुनो, म्हणान सरकारी साइट उघडना नाय. लोक येतत, बघतत आणि फुडल्या दुकानात जातत. दिवाळेपर्यंत बघतलंय, मगे शटर ओढतलंय." नवी मशिनं घ्यायची तर त्याची ऐपत नव्हती. घरात म्हातारी आई, एक मुलगी शिकते आहे, आणि या वयात दुसरं काम कोण देणार?

परत आल्यावर ही गोष्ट मी विश्रामला सांगितली. तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "बरां झालां. खावा पार्सलां." मला असा राग आला! म्हटलं, मेल्या, कोणाचं घर बसतंय आणि तुला तत्त्व सुचतंय? तडक उठलो आणि घरी आलो. पुढचे दोन रविवार हाक आलीच नाही. मी म्हटलं, बरी ब्याद टळली.

तिसऱ्या रविवारी तो स्वतःच आमच्या दारापुढच्या बाल्कांवात येऊन उभा. इकडचं तिकडचं बोलला, आमच्या नारळाला खत घालायचा सल्ला दिला, आणि मग जणू आत्ताच आठवलं अशा थाटात म्हणाला, "हां, तां एक रवलां. नेटार एक जागो आसा, जुन्या मशिनांची तयार पॅकेजां थंय मेळतत. जर्मनीत कोण एकटोच बसान करता म्हणे. कोणाक जाय असली तर सांग." मला पत्ता पाठवला आणि जाता जाता वळून म्हणाला, "माझां नाव घेव नको. माका काय त्याचां?"

मी पत्ता रघूला पाठवला. आणि दसऱ्याला बहिणीकडे गेलो तर काय, दुकानात खुर्च्या अपुऱ्या! त्याच जुन्या मशिनांवर नवा ब्राउझर, अर्ज भरले जातायत, प्रिंटर धडाधड चालतोय. रघूची छाती फुगलेली. "बघ शांबा! घरपोच पार्सल! त्या तुझ्या शिजवणाऱ्याक सांग, तू बस चुलीकडे फुकीत. स्कॅनर जरासो अडकता, बाकी सगळां फर्मास!"

मी परत येऊन निरोप जसाच्या तसा दिला. वाटलं, विश्राम भडकणार. तो उलट खुर्ची पुढे ओढून बसला. "आनी काय म्हणालो? स्कॅनर अडकता? खंय अडकता, सुरवातीक की मध्येच?" मी म्हटलं, मी काय जर्मन आहे? मला काय माहीत? तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि त्यांना राहवेना. "शाम-भावजी, तुमचो दोस्त बाटलो! शाळेतसून इलो काय पार्सलां बांधूक बसता. जेवणाची शुद्ध नाय."

तेव्हा माझी नजर टेबलाखाली गेली. तिथे एक करड्या रंगाचा जुना डबा गुरगुरत होता, अगदी आमच्या ऑफिसातल्यासारखा. कुठूनसा भंगारातून आणलेला. प्रत्येक पॅकेज आधी या म्हाताऱ्यावर घालून, चालवून, प्रिंट काढून बघायचं आणि मगच रघूसाठी ठेवायचं, असा कारभार चालला होता. जन्मात पार्सलाला हात न लावलेला माणूस, आणि रघूला शिजवायचा त्रास नको म्हणून दिवसरात्र स्वतः शिजवून पार्सलं बांधत होता. जर्मनी कसली आणि काय कसलं! जर्मनी आमच्या कुंपणापलीकडे होती.

"विश्रामा," मी म्हटलं, "आता तरी बोल त्याच्याशी."

त्याने मान हलवली. "नको. कळलां तर घेवचो नाय. आसा तसां चलांदी." आणि मग, अगदी हळू, "त्याचां दुकान चलता मरे? मगे झालां." मी चहा पिऊन घरी आलो.

त्यानंतर मी दोघांचा टपालवाला झालो. रघू मला गाठून फुशारक्या मारणार, "सांग त्याका, मराठी टायपिंग लोण्यासारख्यां, फकत र्‍हस्व-दीर्घाचो एक फॉन्ट नाय!" आणि मी तो टोमणा साखळीला नेऊन पोचवणार. पुढच्या आठवड्यात फॉन्ट हजर! वर्ष-दीड वर्ष हे चाललं. विश्रामची गाऱ्हाणी आता लांबलचक झाली होती आणि त्यात एक नवीन ओळ आली होती, "पेडण्यात जावन पोचाक होया रे म्हाराजा!" ती म्हणताना मी खरोखर मोठ्याने म्हणायचो.

यंदा पाऊस ओसरता ओसरता विश्रामला डेंग्यूने गाठलं. ताप असा चढला की माणूस ओळखेना. वहिनी घाबरल्या, आम्ही त्याला हॉस्पिटलात नेलं. तीन-चार दिवस जिवाला घोर होता. त्या धांदलीत पॅकेजं कोणाला आठवतात? घरी आणला तेव्हा तो निम्मा झाला होता. उशीवर मान टाकून पडून असायचा आणि अधूनमधून म्हणायचा, "थंय काय बंद पडलां जाल्यार?" मी म्हणायचो, बंद पडू दे, तू झोप.

एका शनिवारी सकाळी मी त्याच्या उशाशी बसलो होतो. दारात कोणीतरी चपला काढल्याचा आवाज झाला. बघतो तर रघू! केस पिकलेले, पेडण्याहून बसगाड्या बदलत आल्याने शर्ट चुरगळलेला, एका हातात शहाळी, आणि बगलेतल्या पिशवीतून पपईची ही एवढी पानं बाहेर आलेली. आमच्याकडे डेंग्यू म्हटलं की प्रत्येकाला पपईची पानं आठवतात.

"वैनी," तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "ह्यांचो रस काडून दियात त्याका. कडू लागता म्हणान सोडूक देव नकात."

विश्रामने डोळे उघडले, बघितलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी रघूला विचारलं, "हो आजारी आसा म्हणान तुका कोणी सांगलां?"

"सांगूक कित्याक जाय? पंधरवडो झालो, एक पॅकेज नाय."

भिंतीकडून बारीक आवाज आला, "तां जर्मनाचां काम. माका काय इचारतंस?"

"जर्मन!" रघू स्टूल ओढून धपकन बसला. "अरे विश्रामा, चवथ इली काय तुझ्या जर्मनाची पॅकेजां बंद. गणपतीवर माटोळी बांधूक रानात फळां हुडकीत फिरणारो जर्मन माका एकदा बघूचोच होतो! साखळेत करंट गेलो काय जर्मनीत काळोख. ह्या खेपेक चवथ नाय, जत्रा नाय. लायटीच्या हापिसात फोन करून इचारलंय, करंटय आसा. मगे समाजलंय, जर्मन आडवो पडलो. आनी ह्या दिसांनी माणूस आडवो पडता तो डेंग्यूनच."

मला हसू आवरेना. "म्हणजे तुका पयल्यापासून खबर होती? आनी त्यो सगळ्यो फुशारक्यो?"

"मगे?" रघू माझ्यावरच डाफरला. "काय चलता, काय चलना नाय, तां ह्याका कळाक नको? धड सांगलंय आसतां तर ह्याणी लाजेन सगळां बंद केल्यान आसतां." मग त्याचा आवाज खाली आला. "त्या दिसा मी बोलाक नको होतां, विश्रामा. वायट बोललंय."

वहिनी पानं हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. विश्रामचे खांदे हलत होते. ताप आहे म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि चष्मा पुसायला घेतला.

मग तो कूस बदलून रघूकडे वळला. डोळे लाल. पण पहिला प्रश्न हाच, "आज शनवार. अर्जांची गर्दी आसतली. दुकानात कोण आसा?"

रघूने शहाळं मांडीवर घेतलं होतं. त्याचा देठ सोलता सोलता, मान वर न करता तो म्हणाला, "कोण नाय. शटर ओढून इलंय."

"शटर ओढून? मगे उघडतलंस केव्हा?"

"तू बरो झालंस काय, तेव्हा."